माझी पाठ ४२ ची, सॅक ४८ ची

दोन वर्षं मी माझ्या सॅकला शिव्या घातल्या. चूक सॅकची नव्हती, हे कळलं तेव्हा धाकटी बहीण शिवणाची टेप घेऊन माझ्या मागे उभी होती आणि हसत होती.

सॅक पंचेचाळीस लिटरची, क्लाइंबिंगसाठीच बनवलेली. वर झाकण, पाठीला प्लास्टिकची शीट, शीटवर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, आणि खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतील अशी वेल्क्रोची सोय. घेतली त्याच दिवशी मी पाठ मोजली होती. डोकं पुढे वाकवलं की मानेच्या बुडाशी जो मणका टचकन वर येतो, तिथून कमरेपर्यंत. आले अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. वेल्क्रो अठ्ठेचाळीसवर लावला आणि विषय संपला असं समजले.

'कमरेपर्यंत' या शब्दाने घात केला. माझ्या लेखी कमर म्हणजे जीन्सचा पट्टा बसतो ती जागा. सॅकच्या लेखी कमर म्हणजे कटीच्या हाडाची वरची कड. ती शोधायची युक्ती सोपी आहे. दोन्ही हात कमरेवर ठेवून, भांडायला आलेल्या बाईसारखं उभं राहायचं, अंगठे मागच्या बाजूला. हात हाडावर नीट टेकले की दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ पाठीवर मनातल्या मनात काढायची. मानेच्या मणक्यापासून त्या रेघेपर्यंतची लांबी म्हणजे तुमची पाठ. स्वतःची स्वतःला मोजता येत नाही. टेप धरायला मान वळवली की माप बदलतं. बहिणीने तीनदा मोजलं. तीनदा बेचाळीस.

सहा सेंटिमीटर ऐकायला काही फार वाटत नाहीत. पण त्यामुळे खांद्याच्या पट्ट्यांचं मूळ माझ्या खांद्याच्या वर राहत होतं. पट्टा खांद्याला वळसा घालून पाठीवर टेकण्याऐवजी हवेत पूल बांधल्यासारखा मागे जायचा आणि त्या पुलाखालून माझी दोन बोटं आरपार जायची. मला वाटायचं पट्टा सैल आहे, म्हणून मी आणखी ओढायचे. ओढला की सगळा भार खांद्याच्या पुढच्या भागावर, काखेच्या जरा वर. हिप बेल्ट, म्हणजे सॅकचा कमरेचा पट्टा, कटीवर बसायचाच नाही, घसरून कुल्ल्यांवर यायचा. तासाभराने हाताची बोटं मुंग्या येऊन जड व्हायची आणि मी 'वजन जास्त झालंय' म्हणून पाणी कमी घ्यायचे! पाणी कमी घेणं हा सॅकच्या फिटिंगवरचा उपाय नाही, हे आता हसून सांगतेय.

वेल्क्रो बेचाळीसवर आणला. पट्टे खांद्यावरून वळून मागे सुमारे चार सेंटिमीटर खाली, खांद्यांच्या पात्यांच्या वरच्या भागाशी टेकायला लागले. आणि लोड लिफ्टर म्हणजे ते दोन बारीक पट्टे, जे खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाला जातात, ते दोन वर्षांत पहिल्यांदा तिरके दिसले. तोपर्यंत ते जवळजवळ आडवे होते, म्हणजे शोभेचे. ते मागे वर चढत गेले पाहिजेत, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत, तरच ओढल्यावर सॅकचा माथा पाठीकडे येतो. आडवे असतील तर ओढून खांदाच मागे खेचला जातो.

आता घालायचा क्रम. हा सगळीकडे सांगितलेला असतो, तरी कातळाच्या पायथ्याशी दहातले आठ जण उलटं करताना दिसतात, म्हणून लिहिते. आधी सगळे पट्टे सैल. सॅक पाठीवर. खांदे जरा उचकून हिप बेल्ट कटीच्या हाडावर असा ठेवायचा की हाडाची कड बेल्टच्या रुंदीच्या मधोमध यावी, आणि आवळायचा. मग खांदे सोडले की वजन बेल्टवर बसतं. त्यानंतर खांद्याचे पट्टे, फक्त टेकतील इतकेच. मग लोड लिफ्टर, हलकेच. शेवटी छातीचा पट्टा, कॉलरबोनच्या जरा खाली, श्वास पूर्ण घेता येईल एवढा. दहा-पंधरा मिनिटं चाललं की बेल्टचा फोम दबतो, कपडे बसतात, मग बेल्ट पुन्हा एकदा आवळायचा. हे दुसरं आवळणं बहुतेक जण विसरतात आणि मग 'माझी सॅक घसरते' म्हणतात.

आणि हे सगळं भरलेल्या सॅकवर करायचं. रिकामी सॅक कुणालाही फिट होते. मी घरात रोप (म्हणजे चढायचा दोर), पाण्याच्या बाटल्या आणि दोन जाड शब्दकोश भरून दहा किलो केले आणि पाऊण तास जिना चढ-उतार केला. शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही. त्यांना सवय आहे.

वजन कटीवर घ्यायचं, हे आज इतकं उघड वाटतं की त्याचा कुणाला शोध लावावा लागला असेल असं मनातही येत नाही. पण डिक केल्टी नावाचा कॅलिफोर्नियातला माणूस १९५० च्या सुमाराला सिएरा नेवाडाच्या डोंगरांत मित्राबरोबर हिंडत असताना त्या मित्राने आपल्या सॅकच्या फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली, आणि खांद्यावरचं ओझं एकदम हलकं वाटलं. त्यातून कमरेचा पट्टा आला, आणि १९५२ पासून केल्टी ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक विकू लागला. शिवणकाम त्याची बायको करायची. मला या गोष्टीतले खिसे फार आवडतात. फ्रेमची टोकं कशावर तरी टेकली पाहिजेत, एवढंच त्यातलं शास्त्र. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मी नेमकं हेच विसरून एक घोळ घातला आहे.

केल्टीची फ्रेम सॅकच्या बाहेर होती. चालायला उत्तम, पण कातळावर ती अडकते, डुलते, डोक्याला लागते. ग्रेग लोव नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकाने १९६७ मध्ये फ्रेम सॅकच्या आत घातली, आणि माझ्या सॅकमधल्या दोन ॲल्युमिनियम पट्ट्या त्याच घराण्यातल्या. या पट्ट्या काढता येतात हे मला वर्षभर माहीत नव्हतं. वाकवता येतात हे त्याहून उशिरा कळलं.

कारखान्यातून त्या एका सरासरी पाठीच्या आकारात येतात. सरासरी पाठ कुणाचीच नसते. माझ्या कमरेचा बाक जरा खोल आहे, त्यामुळे सॅकचा खालचा भाग पाठीला लागायचाच नाही. तिथे हवा खेळायची आणि खांद्याच्या पात्यांवर मात्र घट्टा पडायचा. मी पुठ्ठा घेतला, बहिणीने तो माझ्या पाठीला उभा लावून कडेकडेने कापत कापत माझ्या मणक्याच्या बाकात बसवला. मग त्या पुठ्ठ्यावर पट्टी ठेवून, गुडघ्यावर दाबत, थोडी थोडी वाकवली. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून तपासल्या, कारण एक जास्त वाकली तर सॅक एका बाजूला लंगडते. ॲल्युमिनियमबाबत एक सांभाळायचं. एकाच जागी वाकव, सरळ कर, परत वाकव असं करत बसलात तर ते तिथेच कडक होतं आणि तडकतं. म्हणून वाकवताना कंजूसपणा करायचा. कमी वाकवलं तर उद्या आणखी वाकवता येतं.

या एका कामाने जेवढा फरक पडला तेवढा नंतरच्या कुठल्याच उपद्व्यापाने पडला नाही. तरी उपद्व्याप केलेच.

कारण क्लाइंबिंगच्या सॅकला दोन जन्म असतात, आणि ते एकाच दिवसात असतात. सकाळी ती हमाल असते. साठ मीटरचा नऊ पूर्णांक आठ मिलिमीटरचा रोप, म्हणजे तोच जवळजवळ पावणेचार किलो. बारा क्विकड्रॉ, म्हणजे दोर कातळातल्या आधारांना अडकवायच्या जोडकड्या, सव्वा किलोच्या आसपास. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, त्यात वाद नाही. वर हार्नेस (कमर आणि मांड्यांना बांधायचा, दोराला जोडायचा पट्टा), शूज, हेल्मेट, जाकीट, झोपायचं सामान. माझी सॅक चौदा किलोला सहज जाते. मग पायथ्याला पोचलं की रोप आणि लोखंड अंगावर जातं आणि सॅकमध्ये उरतं एक लिटर पाणी, दोन जाकिटं, दोघांचे चालायचे बूट, खाऊ, हेडलॅम्प, औषधाची डबी. चार-पाच किलो. पुढे जाणारा रिकाम्या पाठीने चढतो, मागून येणाऱ्याच्या पाठीवर सॅक. आमच्या जोडीत मागून येणारी बहुधा मीच.

आणि तिथे हिप बेल्टचं हार्नेसशी भांडण सुरू होतं. दोघांनाही एकच जागा हवी. बेल्ट हार्नेसच्या वर आवळला तर गिअर लूप, म्हणजे हार्नेसवरच्या सामान अडकवायच्या कड्या, झाकले जातात, क्विकड्रॉ काढायला हात गेला की फोमवर आपटतो. एकदा लांब दिवसात मी दोन्ही अंगावर ठेवूनच चढले, बेल्ट भरपूर आवळून. संध्याकाळी डाव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर. चिमटा काढला तरी कळेना. दोन आठवड्यांनी पूर्ण बरं झालं, तोपर्यंत डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी 'मेराल्जिया पॅरेस्थेटिका' असं भारदस्त नाव सांगितलं. कटीच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी एक नस मांडीच्या बाहेरच्या कातडीकडे उतरते, तिच्यावर पट्ट्याचा दाब आला की असं होतं. घट्ट पट्टे घालणाऱ्यांना, जड कमरपट्टा वागवणाऱ्यांना हे होत असतं. पाय लुळा पडत नाही, फक्त कातडी मुकी होते. खांद्यालाही याचा भाऊ आहे. जड सॅकचे पट्टे खांद्यावर काचून हाताच्या नसा दबतात आणि हात उचलायला जोर लागेनासा होतो. तेव्हा मुंग्या आल्या तर 'सवय होईल' म्हणून चालत राहू नका. थांबा, पट्टे सोडा, भार बदला.

तर माझ्या सॅकचा बेल्ट निघणारा हवा होता आणि तो होता शिवलेला. काही सॅकचे बेल्ट सरळ खेचून निघतात. तुमचा निघत असेल तर पुढचे दोन परिच्छेद गंमत म्हणून वाचा.

मी उसवणीने टाके उसवले. एका मेलेल्या सॅकचं जाड कापड कापून सॅकच्या बुडाशी, पाठीच्या बाजूला, एक बोगदा शिवला. बेल्ट त्यातून आरपार जाईल आणि आत वेल्क्रोने धरला जाईल, अशी कल्पना. शिलाई मशीन आईचं. आईने आधीच सांगितलं होतं, "कापडाला शिव, दोरखंडाला नाही." अठरा नंबरची सुई आणि बाँडेड नायलॉनचा दोरा घेऊनही वेबिंगचे, म्हणजे पट्ट्यांच्या जाड विणीच्या नवारीचे, चार थर आले की मशीन अडायचं. तिथे पायाने मारायचं नाही, हाताने चाक फिरवत एकेक टाका घालायचा, हे दोन सुया मोडल्यावर कळलं. उरलेलं काम टोच्या आणि अंगुस्तान घेऊन हाताने केलं. सुंदर दिसत नाही. ओढून पाहिलंय, हलत नाही.

पहिल्या दिवशी चौदा किलो घेऊन निघाले आणि तासाभरात सॅक बेल्टवरून तीन बोटं खाली आली. खांदे पुन्हा पूर्वीसारखे. बेल्ट छान कटीवर बसलेला, पण सॅक त्याच्यावर बसलेलीच नव्हती, वेल्क्रोला लोंबकळत होती! केल्टीच्या मित्राचे खिसे आठवा. मी बोगदा असा शिवला होता की ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची खालची टोकं बेल्टच्या मागे, हवेत संपत होती. मग बोगदा दोन सेंटिमीटर खाली घेऊन पुन्हा शिवला आणि पट्ट्यांच्या टोकांसाठी बेल्टच्या मागच्या गादीवरच दोन छोटे खिसे शिवले. आता टोकं खिशात बसतात. बायकोकडून शिवून घ्यायची सोय मला नव्हती, बाकी केल्टी आणि मी त्याच उत्तराला पोचलो.

भिंतीवर जाताना बेल्ट ओढून काढते. त्याच रस्त्याने परत यायचं असेल तर पायथ्याला दगडाआड ठेवते. दुसऱ्या बाजूने उतरायचं असेल तर तो आत, पाठीच्या बाजूला दुमडून जातो आणि गादीचं काम करतो. त्याच्या जागी वीस मिलिमीटरचा साधा पट्टा पोटावर, हार्नेसच्या वरच्या बाजूला, सैलसर. तो वजन घेण्यासाठी नाही, सॅक डुलू नये म्हणून. हिप बेल्ट नसताना छातीच्या पट्ट्याचं महत्त्व दुप्पट होतं. अंग एका बाजूला झुकवलं की सॅक काखेकडे घसरून तोल ओढून नेते, ते हाच पट्टा अडवतो.

या उत्साहात मी एक मूर्खपणा केला. पट्ट्यांची लोंबणारी शेपटं कापली. उन्हाळा होता, अंगात पातळ टीशर्ट, किती शेपटं वाऱ्यावर फडफडतायत, काप आणि मेणबत्तीवर टोक वितळव. थंडीत जाड जाकीट घालून बेल्ट लावायला गेले तर बकलची दोन टोकं एकमेकांकडे चार बोटांवरून नुसती बघतायत. मग तुकडा जोडला, त्या जोडाची गाठ आजही नेमकी पोटाला टोचते. कापायचंच असेल तर सगळ्यांत जाड कपडे घालून, वर वीतभर सोडून मग कात्री चालवा. त्याहून बरं म्हणजे न कापता शेपूट गुंडाळून रबरी कडीत अडकवा.

वजनाचं वेड लागलं की स्वयंपाकाचा काटा कामाला येतो. पूर्ण सॅक १८७० ग्रॅम भरली. त्यात झाकण १९०, शीट आणि पट्ट्या मिळून ४२०, हिप बेल्ट २४०. हे तिन्ही काढलं की उरतात १०२० ग्रॅम. त्यात फ्रेमच्या जागी झोपायच्या फोमच्या मॅटचा घडी केलेला तुकडा, ११० ग्रॅम, आणि तो साधा पोटपट्टा ३०. असे ११६०. म्हणजे सातशे ग्रॅम कमी, आणि रात्र बाहेर काढावी लागलीच तर बूड टेकायला फोम आहे. सॅकवरच्या बर्फकुऱ्हाडीच्या कड्या मात्र मी कापल्या नाहीत. दोन्ही मिळून अकरा ग्रॅम. अकरा ग्रॅमसाठी कात्री हातात घेणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशातला सुटा खजिना मोजावा.

फ्रेम काढलेली सॅक भरण्यात कला आहे. डॉन जेन्सन नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकाने बिनफ्रेमची एक सॅक तयार केली होती. तिचं सगळं तत्त्व इतकंच होतं की सॅक इतकी गच्च भरायची की आतलं सामानच फ्रेम होईल. उशीचा अभ्रा अर्धा भरला तर लुळा पडतो, ठासून भरला तर ओंडक्यासारखा उभा राहतो, तसं. त्यामुळे बिनफ्रेमच्या सॅकमध्ये मी जाकीट पिशवीत घालत नाही, मोकळंच कोंबते, म्हणजे ते बाटली आणि बुटांमधल्या फटी भरून काढतं. पाठीला लागून मऊ, त्यानंतर जड, बाहेर हलकं. बुटांचे तळवे पाठीकडे येऊ द्यायचे नाहीत. हे एकदा केलं आणि पूर्ण भिंतभर डावी टाच माझ्या बरगडीत होती.

जड सामान वर की खाली, यावर पायथ्याला बसून लोक तावातावाने बोलतात. सरळ वाटेवर चालताना जड वस्तू खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध, पाठीला चिकटून बरी. म्हणजे पुढे फार वाकावं लागत नाही. पण दगडधोंड्यांतून उड्या मारत जायचं असेल किंवा चढायचं असेल तेव्हा मी ती वीतभर खाली घेते. वर असलेलं वजन तुम्ही वाकलात की तुमच्या आधी वाकतं. पाठीपासून दूर मात्र कुठल्याच वेळी नाही. तोच रोप पाठीलगत आणि तोच रोप बाहेर लटकवलेला, दोन वेगळी वजनं वाटतात.

मग अर्धी रिकामी सॅक. बाजूचे कॉम्प्रेशन पट्टे खालून वर आवळत आणायचे, नाहीतर सामान बुडाशी जाऊन बसतं आणि सॅक ढोल्या पोटाची होते. माझ्या सॅकला बाजूला दोनच पट्टे आहेत, ते पुरत नव्हते. म्हणून शिवणीत छोट्या कड्या शिवून तीन मिलिमीटरची दोरी नागमोडी ओवली, वर दोरी आवळून धरायला एक कॉर्ड लॉक. आधी इलॅस्टिकची दोरी लावली होती. पावलागणिक सॅक मागून टाळ्या वाजवायची. इलॅस्टिक कपडे बाहेर अडकवायला ठीक, भार बांधायला नाही.

हेल्मेटचं दुखणं वेगळंच. वर बघायचं असतं, पुढचा होल्ड, म्हणजे हाताने धरायची जागा, वरच असतो, आणि मान मागे टाकली की हेल्मेट सॅकच्या झाकणावर ठक. मग हेल्मेट पुढे सरकून डोळ्यांवर. मी बराच काळ लोड लिफ्टर सोडून हे भागवत होते. माथा मागे पडतो, मान मोकळी होते, पण सॅक मागे ओढायला लागते आणि ते हातांना कळतं. खरा उपाय साधा निघाला. झाकण काढून तोंड गुंडाळायचं आणि सामानाची उंची खांद्यांच्या रेषेच्या खाली राखायची. फ्रेम काढली की तिची वरची टोकंही जातात. तरी लागत असेल तर सॅक मुळातच तुमच्यासाठी लांब आहे.

सॅक ओढायची किंवा टांगायची जी वरची कडी असते, तिच्याबद्दल एकच. बिलेवर, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळत थांबायच्या जागी, मी सॅक एकाच कडीला टांगायचे. एकदा तिच्या एका बाजूचे टाके उसवत आलेले दिसले, खाली जोडीदार उभा होता. तेव्हापासून पुढच्या बाजूला दुसरी कडी शिवली आहे आणि दोन्हींत मिळून कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) घालते. शिवल्यावर जिन्याच्या कठड्याला पाण्याचा वीस लिटरचा कॅन भरून रात्रभर टांगला होता. हे सगळं हाताचं शिवणकाम सॅकपुरतंच. हार्नेस, स्लिंग, ज्याच्यावर माणूस लोंबकळतो त्याला माझी सुई लागत नाही, आणि सॅकच्या कड्यांवर माणूस लोंबकळत नाही.

तुटलेल्या बकलसाठी घरी शिवण उसवू नका. एका दांडीला चीर असलेली बकलं मिळतात, वेबिंग त्या चिरेतून आत सरकवायचं, झालं. सॅकमध्ये असं एक जास्तीचं बकल ठेवते. बसल्या बसल्या सॅकवर बसून बकल मोडणं हा माझा हातखंडा.

आता इतकी रूपं झाली की दर वेळी पट्टे कुठे होते ते आठवेना. हमाल रूपात खांद्याचे पट्टे लांब, कारण वजन कटीवर. भिंतीवर ते आखूड, सॅक उंच आणि अंगाला चिकटलेली. छातीचा पट्टाही वेगळ्या उंचीवर. म्हणून प्रत्येक पट्ट्यावर दोन खुणा शिवल्या. चालायच्या मापाला पांढरा दोरा, चढायच्या मापाला लाल. पायथ्याला पोचलं की प्रत्येक पट्टा पांढऱ्यावरून लालवर. मिनिटभराचं काम. थंडीच्या जाकिटासाठी तिसरा निळा घालायचं मनात होतं, पण मग पट्टा रांगोळीसारखा दिसायला लागला.

गेल्या महिन्यात जोडीदार सॅक मागून घेऊन गेला. त्याची पाठ एकोणपन्नासची. "ताई, काही बदलणार नाही," म्हणाला. आली तेव्हा वेल्क्रो सगळ्यात वर, बेल्ट उलटा घातलेला, लोड लिफ्टर एक आत एक बाहेर, आणि खिशात त्याचा एक मोजा. मोजा परत दिला. वेल्क्रो बेचाळीसवर आणला, पट्टे पांढऱ्या दोऱ्यावर. पोटाला टोचणारी ती गाठ मात्र त्याला टोचली नाही म्हणे. त्याचं पोट माझ्याहून खाली आहे.